नवशिक्या जोंगामालकासाठी प्राथमिक सूचना

अभिनंदन! लष्कराच्या लिलावातली जोंगा अखेर पाटोद्यातल्या तुमच्या पत्र्याच्या शेडात येऊन उभी राहिली. गावकरी ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असं विचारतील. चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाच्या मालकानं या प्रश्नावर हसून चहा मागवावा. गाडी मूळची निस्सानची, पण १९६९ पासून जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, एवढं सांगितलं की विषय बदलतो.

आता गाडी चालू करू. बालाघाटावर डिसेंबरची सकाळ म्हणजे चोक ओढणं आलंच. चोकनं हवा कमी होते, पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. बाहेर गार वारा सुटलाय म्हणून शटर खाली ओढा आणि बॉनेटमध्ये डोकं घाला. तुमच्याकडून एवढंच अपेक्षित आहे, पुढचं काम वायू करतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. तोंडाला रुमाल बांधला असेल तर तो घाम पुसायला वापरा. अमेरिकन लष्कराच्या गाड्यांच्या पुस्तिका तर बजावतात, की रासायनिक हल्ल्यासाठी दिलेला मुखवटाही या वायूपुढे निकामी आहे.

काळा धूर दिसत नाही म्हणून निश्चिंत होणारे लोक मला फार आवडतात. मॅनिफोल्डचं गास्केट फुटलंय, सायलेन्सरच्या जोडावर काजळी धरलीय, पायाखालच्या पत्र्याला भोकं पडलीत. तरी ‘धूर नाही ना, मग झालं!’ असल्या गाडीत मागचा कॅनव्हास उघडा टाका, पुढच्या काचा चढवा आणि सौताड्याचा धबधबा बघायला निघा. मागे सुटलेला धूर गाडी स्वतःच आत ओढून घेते. कंटाळा आला तर इंजिन चालू ठेवून आत झोपा. याला लष्करात सक्त मनाई आहे, पण तुम्ही कुठे लष्करात आहात?

चालू इंजिनाचा मोह आवरत नसेल तर जामखेडवरून नगर गाठा. तिथल्या रणगाडा संग्रहालयातले रणगाडे या बाबतीत आदर्श आहेत. एकाचंही इंजिन चालू नसतं.

शेडातल्या चौघांचं डोकं एकदम दुखू लागलं, मळमळलं, पाय लटपटले, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. चौघांना एकाच मिनिटाला पित्त होत नसतं. शटर वर करा, चावी फिरवा, सगळ्यांना ओढून उघड्यावर आणा, १०८ला फोन लावा. कोणी आत पडला असेल आणि धूर कोंडलेला असेल, तर श्वास रोखून शौर्य दाखवायला जाऊ नका. आधी दारं-खिडक्या उघडा. दवाखान्यात बोटाला चिमटा लावतील, आकडा अठ्ठ्याण्णव येईल आणि सोबतचा पाहुणा म्हणेल, ‘काही झालं नाही याला.’ साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘बंद शेडात इंजिन चालू होतं.’ गाडीची किंमत नंतर सांगितली तरी चालेल.