तुलनेकरांची सेडान

मध्यमवर्गात गाडी घेणारे पुष्कळ असतात, पण 'गाडी घ्यायचीय' म्हणणारे त्याहून जास्त. या दुसऱ्या पंथाचा एक तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत, बँकेच्या प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक लग्नात जेवणाच्या टेबलावर नेमका आपल्या शेजारी असतो. आडनाव पाटील, जोशी, कदम काहीही असू दे. आपण त्यांना तुलनेकर म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. मुक्काम पुणे, कारण हा प्राणी इतरत्र आढळत असला तरी त्याची पूर्ण वाढ पुण्यातच होते. दारात एक जुनी हॅचबॅक, तिला ते 'सध्याची' म्हणतात. ही सध्याची गाडी मुलगी दुसरीत असताना घेतलेली. मुलगी आता हिंजवडीला नोकरीला जाते.

तुलनेकर कंजूष आहेत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पैसे बाजूला काढलेले आहेत. त्यांची एफडी दर वर्षी मोडायची म्हणून ते बँकेत जातात आणि रिन्यू करून येतात. बँकेतल्या मॅडमही आता फॉर्म पुढे सरकवताना "नाही ना ठरली अजून?" एवढंच विचारतात. अडचण इतकीच, की त्यांना चुकीची गाडी घ्यायची नाही, आणि बाजारातली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या रकान्यात चुकीची निघते.

घ्यायची ती सेडानच, याबद्दल मात्र दुमत नाही. "डिकी नाही ती गाडी कसली?" लहानपणी गावात डॉक्टरांकडे फियाट होती, मामलेदारांकडे ॲम्बॅसिडर होती, मोठ्या माणसाच्या गाडीला मागे डिकी असते हे तेव्हाच मनावर कोरलं गेलं. १९९८ साली भारतात होंडा सिटी आली तेव्हा तुलनेकर नोकरीत नवे होते आणि त्यांच्या जनरल मॅनेजरांनी ती घेतली. पार्किंगमध्ये ती उभी असली की तुलनेकर तिच्याभोवती एक चक्कर मारून मगच कँटीनला जात. पुढे मॅनेजर निवृत्त झाले, सिटीची पाचवी पिढी आली, तुलनेकर स्वतः मॅनेजर झाले. चक्कर चालूच आहे.

त्यांचा तक्ता एकदा पाहण्यासारखा आहे. ऑफिसच्या प्रिंटरवर मोठ्या कागदावर काढलेला, घडी घालघालून चिरलेला, घड्यांवर सेलोटेप लावलेला. डावीकडे लांबी, रुंदी, व्हीलबेस, डिकी, ॲव्हरेज, एअरबॅगा, मागच्या एसीचे झरोके, बाटली ठेवायच्या जागा (एक लिटरची आडवी राहते का, हा उपविभाग). वर गाड्यांची नावं. बंद पडलेल्या मॉडेलचा रकाना ते खोडत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला साल घालतात. यारिस, २०२१. सियाझ, २०२५. सिटी आणि व्हर्ना यांच्या नावाखाली 'डिझेल' असं लिहून त्यावरही रेघ आहे, २०२३. तुलना पूर्ण होण्याआधीच स्पर्धक एकेक करून निघून जातात आणि तुलनेकर प्रत्येक वेळी "बरं झालं, घेतली नाही" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. या सुटकेवर त्यांची तब्येत टिकून आहे असं माझं मत आहे.

राहायला कोथरूडला, त्यामुळे सकाळचं फिरणं एआरएआयच्या टेकडीवर. जाहिरातीत ॲव्हरेजच्या आकड्याशेजारी ज्या संस्थेचं नाव छापतात ती संस्था आपल्या टेकडीवर आहे, याचा त्यांना अभिमान आहे आणि तिच्या आकड्यांवर काडीचाही विश्वास नाही. सिटी १७.८. हायब्रिड सिटी आली तेव्हा २६.५. "पण हे मोजतात कसं, माहितीये का?" ते चढावर थांबून विचारतात. आपल्याला धाप लागलेली असते, त्यामुळे उत्तर तेच देतात. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ताशी ९०च्या वर वेग न्यायचा नाही. समोर पीएमटी नाही, डावीकडून घुसणारी ॲक्टिव्हा नाही, मागच्या सीटवर सासुरवाडी नाही. "जागच्या जागी उभं राहून एवढं ॲव्हरेज मिळत असेल तर मग कर्वे रस्त्यावर का मिळत नाही? तिथे तरी आपण काय करतो?"

खरा कस लागला तो २०२२ मध्ये. त्या वर्षी स्कोडाची स्लाविया आली आणि पाठोपाठ फोक्सवॅगनची व्हर्टस आली. दोघी चाकणच्या एकाच कारखान्यातून निघतात. सांगाडा तोच, एक लिटरचं टर्बो इंजिन तेच, दीड लिटरचंही तेच, डिकी दोघींची ५२१ लिटर. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, जी स्वस्तात मिळेल ती घेऊ. तुलनेकरांना मात्र हे आव्हान वाटलं. जिथे फरक दिसतो तिथे तुलना कोणीही करील! त्यांनी दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवून पावसाळा घालवला आणि शेवटी सापडलं : स्लाविया ४,५४१ मिलिमीटर, व्हर्टस ४,५६१. दोन सेंटिमीटर! त्याच रात्री टॉर्च आणि शिवणकामाची टेप घेऊन ते पार्किंगमध्ये उतरले. त्यांच्या जागेत पुढे खांब आहे आणि मागे दुसऱ्या विंगेतल्या काकूंची तुळस. टॉर्च वॉचमनने धरली. त्याने आजवर त्यांच्यासोबत पाच मॉडेलं मोजली आहेत. त्याला व्हर्नाची लांबी तोंडपाठ आहे, ४,५३५, आणि त्याचं वैयक्तिक मत व्हर्नालाच आहे.

तिथेच त्यांनी गेटजवळचा स्पीडब्रेकरही मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. सोसायटीचा उंचीला जास्त आणि रुंदीला हातभर निघाला. तुलनेकरांनी कमिटीला पत्र दिलं. कमिटीने उत्तर दिलं की आजवर कोणाचीच गाडी घासलेली नाही. "कारण कोणाकडे सेडान नाही!" तुलनेकर सभेत उभे राहून म्हणाले. हे खरंच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय टाकीच्या गळतीकडे वळला.

शोरूममध्ये तुलनेकर शिरले की चहा येतो, कारण ओळख जुनी. बार्शीकडचा एक मुलगा त्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा नवा टाय बांधून दारात उभा असे. त्यांची नोंद त्याने 'हॉट' या खान्यात केली होती, म्हणजे महिन्याभरात गाडी घेणारं गिऱ्हाईक. पुढे त्याने शोरूम बदललं, तुलनेकर तिथेही आले. त्याने पुन्हा बदललं, आता तो टीम लीडर आहे, हाताखाली चार पोरं आहेत आणि नव्या पोरांना शिकवायचं असलं की तो त्यांना तुलनेकरांपुढे बसवतो. "यांना उत्तरं देता आली की तू तयार झालास."

पत्रा ते अंगठ्याने दाबून पाहतात. दार लावून डोळे मिटून आवाज ऐकतात, पुन्हा उघडतात, पुन्हा लावतात. शेजारच्या गाडीत बसून हप्त्याचा हिशोब करणारं नवविवाहित जोडपं दचकून बाहेर येतं. पण सगळ्यात प्रेक्षणीय म्हणजे डिकीची परीक्षा.

"सिटी ५०६, व्हर्ना ५२८," मुलगा सांगतो.

"लिटर?"

"हो सर."

"मला डिकीत दूध न्यायचं नाहीये."

आणि ते 'सध्याची'च्या मागच्या सीटवरून सामान काढतात : घरातली सगळ्यात मोठी सुटकेस, आईंची घडीची खुर्ची, पाच लिटरचा कुकर आणि तांदळाचं पोतं. कुकर कशाला, असं एका नवख्या पोराने विचारलं होतं. "गणपतीला कोकणात तुम्ही जाता की मी?" सुटकेस आडवी बसली की खुर्ची बसत नाही, खुर्ची बसली की कुकरचं हँडल झाकणाला लागतं. प्रत्येक मांडणीचा फोटो निघतो. वहिनी हे सगळं लांबच्या सोफ्यावरून पाहतात. त्यांनी पर्समध्ये लोकर आणि सुया ठेवायला सुरुवात केली आहे. एका पोराने त्यांना "मॅडम, तुमची काय पसंती?" असं अदबीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हा स्वेटर संपायच्या आत निघता आलं तर बरं."

टेस्ट ड्राइव्ह ते शोरूमच्या ठरलेल्या रस्त्याने घेत नाहीत. तो रस्ता गुळगुळीत असतो, सत्य खड्ड्यात कळतं. शिवाय सगळं घर घेऊन जातात, कारण पाच माणसं बसल्यावर गाडी किती दबते हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं. असे एकदा आईंना पुढच्या सीटवर बसवून निघाले. १६० पीएसचं टर्बो इंजिन होतं. चांदणी चौकाच्या चढावर तुलनेकरांनी पाय दाबला, गाडी उसळली, त्यांच्या चेहऱ्यावर पंचविशीतलं तेज आलं. पोराने हळूच म्हटलं, "सर, घेऊन टाका." तुलनेकर अर्धा क्षण विरघळलेही असतील.

मग शोरूमशी परत आले आणि आईंना उतरायचं होतं. सेडानची सीट बुटकी. आईंचे गुडघे सत्तरी ओलांडलेले. एक पाय बाहेर आला, दुसरा आला, पण आई आल्या नाहीत. पोराने एक हात धरला, वहिनींनी दुसरा, वरून तुलनेकर छताला डोकं लागू नये म्हणून हात धरून उभे. बाहेर आल्यावर आईंनी पदर सारखा केला आणि निकाल दिला, "गाडी फार देखणी आहे रे. फक्त विहिरीत उतरल्यासारखं वाटतं."

सेडानचं काय चुकलं यावर मोटारींचे जाणकार पानंच्या पानं लिहितात. रस्ते, रुबाब, चित्रपटातले नायक, सगळं सांगतात. आज देशात खपणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही आहेत, त्यामागे तमाम भारतातल्या आयांचे गुडघे आहेत, हे मला त्यांच्या लिखाणात कुठे सापडलं नाही. तुलनेकरांनी त्या रात्री तक्त्यात 'आई' हा रकाना वाढवला आणि चारही सेडानपुढे फुली मारली. पण त्यावर त्यांचा उपाय तयार होता : आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याचीही तीन हॉस्पिटलांची तुलना चालू झाली.

आयुष्यात एकदाच त्यांच्या थांबण्याला फळ आलं. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. मध्यम आकाराच्या गाड्यांवर जीएसटी २८ आणि वर सेस १७ असे ४५ टक्के होते, ते त्या दिवसापासून सरळ ४० झाले. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. म्हणजे पितृपक्षात खरेदी नको हे सरकारलाही पटलेलं. तुलनेकरांनी सोसायटीत पेढे वाटले. ज्या शेजाऱ्याने रंग आवडला म्हणून दहा मिनिटांत गाडी बुक करून उन्हाळ्यातच आणली होती, त्याच्या हातावर त्यांनी दोन ठेवले. "मग आता घेताय ना?" शेजाऱ्याने विचारलं. तुलनेकर दयार्द्र हसले. "पाच टक्के उतरलेत. जे सरकार पाच उतरवतं ते आणखी उतरवेल."

पुढच्याच महिन्यात मुलीने गाडी घेतली. जेवणाच्या सुट्टीत गेली, एक छोटी एसयूव्ही पाहिली, आजीला व्हिडिओ कॉल लावून सीटची उंची दाखवली, फोनवरून पैसे भरले आणि ऑफिसात परत येऊन डबा खाल्ला.

"३,९९५ मिलिमीटर," तुलनेकर पत्रक वाचत म्हणाले. "सरकारने चार मीटरची सीमा घातली, कंपनीने पाच मिलिमीटर अलीकडे पाय थांबवला. ही गाडी आहे की करसवलत?"

"बाबा, करसवलत. अठरा टक्के. तूच सांगायचास ना," मुलगी म्हणाली. "आणि डिकीत कुकर बसतो. मी मोजलाय."

डिलिव्हरीच्या दिवशी सगळे गेले. झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली चार लिंबं. आई स्वतःच्या स्वतः बसल्या आणि काच खाली करून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहू लागल्या. तुलनेकर जरा लांब उभे होते. बार्शीचा मुलगा जवळ आला, इकडेतिकडे पाहून आवाज उतरवून म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. माझं लग्न ठरलंय. एक जुनी सिटी बघून ठेवलीय, पेट्रोल, पहिला मालक. पण एकजण व्हर्ना पण देतोय, डिझेल. काय करू?"

तुलनेकरांनी खिशातून घडी काढली, मुलीच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर उलगडली आणि उजव्या कडेला थोडी कोरी जागा शोधून दोन नवे रकाने आखले.

"घाई करायची नाही," ते म्हणाले. "लग्न कधी आहे?"

"मे महिन्यात, काका."

"कुठल्या सालच्या?"