सोबतीचे काका

जुनी मोटरसायकल घ्यायची म्हटली की पैसे एकाचे असतात आणि गाडी घेतो दुसराच. हा दुसरा म्हणजे सोबत आलेले काका. ते सख्खे काका असतीलच असं नाही. घरमालक असतील, वडिलांच्या ऑफिसातले असतील, नाहीतर मामांचे मित्र. साताऱ्याहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेल्या पोराच्या खिशात पंचवीस-तीस हजार आहेत आणि त्याला आजवर फक्त आईची अ‍ॅक्टिव्हा चालवता येते, एवढी कुणकुण लागली की काका आपण होऊन उगवतात. "एकटा जाऊ नकोस. गंडवतील. मी येतो."

काकांचं वय पन्नाशीच्या पलीकडे. डिकीत प्लगपाना. टू-स्ट्रोकच्या जमान्यात प्लग कधीही ओला व्हायचा आणि गाडी भर चौकात बसायची, तेव्हापासून तो पाना काकांसोबत आहे. मधल्या काळात घरच्या तीन गाड्या बदलल्या, पाना एका डिकीतून दुसऱ्या डिकीत गेला. आता 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पण काकांना त्याचं काही नाही.

त्यांच्या मते मोटरसायकलींचा इतिहास 1996 साली संपला. त्या वर्षी यामाहा आरएक्स 100 बंद झाली. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. "चिमटीत धरून उचलावी अशी गाडी, पण पळायची काय!" हे सांगताना काकांचा उजवा हात आपोआप मनगटात वळतो. त्यानंतर आलेल्या सगळ्या गाड्या 'प्लास्टिक'. 1994 ची स्प्लेंडर त्यांना मान्य आहे, पण चारचौघांत कबूल करण्याइतकी नाही. "चांगली आहे. अ‍ॅव्हरेज देते. पण गाडीत गंमत नाही." आतली गोष्ट अशी की काकांची स्वतःची आरएक्स कधी नव्हतीच. मित्राची होती, तो एक चक्कर द्यायचा. काकांकडे होती जुनी राजदूत. राहून गेलेली ती हौस आता पोराच्या पंचवीस हजारांत भागली तर पाहावी, असा एकूण रंग असतो.

ती भागत नाही. धड आरएक्सचा भाव आज लाखाच्या वर जातो, आणि तीस हजारांत जी मिळते ती बहुधा तीन-चार आरएक्सची मिळून एक झालेली असते. टाकी एकीची, इंजिन दुसरीचं, आरसीवरचा चेसी नंबर तिसरीचा. काका तिच्याकडेही प्रेमानं बघतात. पोराला ओढून पुढे न्यावं लागतं.

यार्डात शिरल्यावर मात्र काका बदलतात. बैलबाजारात दात बघून वय सांगणारा हेड्या असतो ना, तसे ते गाडीभोवती फिरू लागतात. इथे त्यांची थट्टा थांबवायला हवी, कारण माणसाला खरंच कळतं. आधी ते काही न बोलता इंजिनावर तळहात ठेवतात. गरम लागलं तर विक्रेत्याकडे बघून नुसते हसतात. गिऱ्हाईक यायच्या आत गाडी चालू करून ठेवली, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना कुरकुरतं हे झाकायचं होतं. मग सायलेन्सरमागे उभे राहतात. सकाळचा पांढरा धूर थोड्या वेळात विरतो, तो ओलाव्याचा. निळसर धूर आला आणि येतच राहिला तर इंजिन ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम उभं आहे. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, तो ते चष्मा कपाळावर चढवून वाचतात. 2217 म्हणजे 2017 सालचा बाविसावा आठवडा. हे पोराला ठाऊक नसतं, आणि कित्येकदा यार्डवाल्यालाही नसतं.

"बँकेतल्या साहेबांची गाडी आहे, काका. घर ते बँक. एकवीस हजार किलोमीटर फक्त."

काका मीटरकडे बघतच नाहीत. केबल काढली की मीटर थांबतो, हे त्यांना शाळेपासून माहीत आहे. ते बघतात ब्रेकच्या पेडलवरचं रबर. ते घासून गुळगुळीत झालंय. "साहेब बँकेत जायचे की बँक घेऊन फिरायचे?"

इथवर काका शंभर नंबरी. पुढे घसरण सुरू होते. ट्रायल काका घेतात. पोरगा यार्डच्या दारात उभा राहतो, काका कोपऱ्यावरून दिसेनासे होतात आणि बऱ्याच वेळानं केस विस्कटून परत येतात. "कोनसेट बरा आहे, क्लच जरा वरून सुटतोय, बाकी फर्स्ट क्लास." ज्याला ही गाडी सिंहगड रोडच्या गर्दीत हाफ क्लचवर रेटायची आहे, त्याचे पाय जमिनीला टेकतात का, हे कुणी पाहिलेलंच नाही. पोरगा बसून बघतो म्हणाला तर काका स्टँडवरच बसवतात. मेन स्टँडवर उभ्या गाडीवर पाय लोंबणारच, त्यातून काही कळत नाही.

दोन गाड्या पसंतीला आल्या की नवशिक्याला नको ती बरोबर निवडणं ही काकांची खास हातोटी. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना जोडब्रेक सक्तीचे झाले. जोडब्रेकमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. घाबरून नुसता मागचाच ब्रेक दाबणाऱ्या पोराला याचा मोठा आधार. काकांना हे पटत नाही. "ब्रेक पायात नसतो, डोक्यात असतो." आणि जोडब्रेकवाली 110 सीसी सोडून ते 2012 च्या पासिंगची दीडशे सीसी पुढे करतात, कारण ती उठते चांगली.

मग घासाघीस. सत्तावीसवरून बावीस हजार. हे काम काकांनीच करावं. ते दोनदा उठून निघून जातात, दुसऱ्यांदा तर रस्ता ओलांडतात. पोराला वाटतं गाडी गेली. यार्डवाला हाक मारतो, इसार दिला जातो, चहा येतो.

कागदांचा विषय निघाला की काकांचा सगळा चौकसपणा मावळतो. ज्यानं पेडलचं रबर तपासलं, तो माणूस आरसी बुक उघडून बघत नाही. "ते एजंट करतो रे." एजंट सहीचे कोरे फॉर्म हातात देतो आणि पोरगा जुन्या मालकाच्या नावावरची गाडी वर्ष-वर्ष फिरवतो. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी नमुना 29 आणि 30. गाडीवर कर्ज होतं तर बोजा उतरवायला नमुना 35, परराज्यातली असेल तर ना-हरकतीचा 28. विमाही नावावर करावा लागतो, नाहीतर गाडी ठोकल्यावर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. पंधरा वर्षं झालेली असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेगळा. विकणाऱ्याची झोपही या कागदांवरच अवलंबून आहे: 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच भरपाईपुरता मालक. तिथे मूळ मालकानं गाडी विकली होती आणि ती पुढे आणखी काही हात फिरली होती.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "आमची राजदूत शेवटपर्यंत दुसऱ्याच्याच नावावर होती. काय झालं?" आणि नाना पेठेत चेनकिट कुठे स्वस्त मिळतं ते सांगू लागतात. तो पत्ता मात्र लिहून घ्यावा, बरोबर निघतो.

म्हणून जुनी गाडी बघायला जाताना काकांना न्यावंच. इंजिनावर हात त्यांनी ठेवावा, भाव त्यांनी पाडावा. इसार देण्याआधी मात्र आरसीवरचा चेसी नंबर आपण स्वतः गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा, ई-चलनं थकली आहेत का ते मोबाइलवर बघावं, 29 आणि 30 वर तारखेसह सह्या घ्याव्यात, आणि गाडी स्टँडवरून उतरवून दोन्ही पाय टेकतात का ते पाहावं. तेवढा वेळ काकांना चहाला पाठवावं. पैसे आपण द्यावेत.