ऑपेराच्या सोवळ्यात म्युझिकल
(नव्याने नेमलेल्या संचालकांसाठी प्राथमिक सूचना)

अभिनंदन. अमेरिकेतल्या एका मध्यम शहरातली ऑपेरा कंपनी तुमच्या ताब्यात आली आहे. हंगामात चार निर्मिती करायच्या. एक व्हेर्दी, एक पुच्चिनी, एक मोत्झार्ट, आणि चौथ्या जागी, खजिनदारांच्या शब्दांत, 'लोक येतील असं काहीतरी'. खजिनदार सभ्य गृहस्थ आहेत, त्यामुळे भर बैठकीत म्युझिकल हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. पण सगळे समजले. कलासमितीच्या ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

घाबरू नका. ऑपेराचं सोवळं याआधीही पुष्कळांनी मोडलं आहे आणि त्यांची घरं अजून चालू आहेत. पुढच्या सूचना क्रमाने पाळाव्यात. लिहिताना आम्हाला ते जमलेलं नाही.

पहिली सूचना : धाडस केल्याचा आव आणू नका. 'आमच्या कंपनीचं क्रांतिकारक पाऊल' असं पत्रकात छापायचा मोह होईल. ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने सॉन्डहाइमचं 'स्वीनी टॉड' १९८४ मध्येच केलं. ते ब्रॉडवेवर येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्याआधी १९७६ मध्ये याच ह्यूस्टनकरांनी गर्श्विनचं 'पोर्गी अँड बेस' जवळजवळ अखंड उभं केलं, थेट ब्रॉडवेवर नेलं आणि पुढच्या वर्षी टोनी पुरस्कार मिळवला. (ते ऑपेरा की म्युझिकल, हा वाद १९३५ पासून चालू आहे. त्यात पडू नका.) इंग्लंडात लीड्सच्या ऑपेरा नॉर्थचं 'शो बोट', 'कॅरूसेल', 'किस मी, केट' असं सगळं करून झालं आहे. तुमची क्रांती उशिराच्या गाडीने आली आहे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी सूचना : तक्रारीच्या पत्राचं उत्तर आधीच लिहून ठेवा. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसणारे एक वर्गणीदार कळवतील की, ज्यात माणसं मध्येच बोलू लागतात त्याला ते ऑपेरा मानत नाहीत. उत्तर नम्र असावं. 'द मॅजिक फ्लूट'मध्ये माणसं बोलतात. १७९१ मध्ये ते लागलं ते दरबारी रंगमंचावर नव्हे, व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका धंदेवाईक नाट्यगृहात. त्याचे चालक शिकानेडर यांनीच संहिता लिहिली आणि पापागेनो पारध्याचं काम करून लोकांना हसवलंही. 'कार्मेन'सुद्धा १८७५ मध्ये बोलत बोलतच जन्माला आली. तिचे संगीतकार बिझे वारल्यावर गिरो यांनी तिच्या संवादांना चाली लावल्या आणि तिला सोवळ्यात घेतलं. पत्राच्या शेवटी गेल्या वर्षीच्या देणगीबद्दल आभार मानायला विसरू नये.

संचालक मराठी असेल तर त्याला हे भांडणच कळणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' केलं, तेही पारशी मंडळींचा 'ऑपेरा' पाहून सुचलं असं सांगतात. त्यात लोक बोललेही आणि गायलेही, आणि प्रेक्षकांनी यातलं शुद्ध कोणतं हे विचारलं नाही. अशा संचालकाने अमेरिकन विश्वस्तांपुढे तोंड जरा मिटलेलंच ठेवावं.

पाचवी सूचना (तिसरी आणि चौथी खर्चाच्या होत्या, खजिनदारांनी काढून टाकल्या) : गायक निवडताना भूगोल तपासा. 'वेस्ट साइड स्टोरी'तला टोनी हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा पोरगा आणि मारिया पोर्तो रिकोहून आलेली मुलगी. खुद्द संगीतकार बर्नस्टाइन यांनी १९८४ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा टोनीसाठी घेतले स्पेनचे होसे कारेरास आणि मारियासाठी न्यूझीलंडच्या किरी ते कानावा. म्हणजे स्पॅनिश वळणाचे उच्चार ज्याला नको होते नेमके त्याच्याकडे आले. गळे दोन्ही अव्वल, पण त्या ध्वनिमुद्रणावर निघालेल्या माहितीपटात कारेरास आणि बर्नस्टाइन यांची जी ओढाताण दिसते, ती प्रत्येक ऑपेरा कंपनीने आपल्या गायकांना दाखवावी. तालमी सुरू होण्याआधी. नंतर दाखवलीत तर त्यांना वाटेल, तुम्ही टोमणा मारताय.

याच्या उलट उदाहरण एत्सिओ पिंझा यांचं. मेट्रोपॉलिटन ऑपेरात बावीस हंगाम गायलेले हे इटालियन बास १९४९ मध्ये 'साउथ पॅसिफिक'चे नायक झाले. नायक फ्रेंच मळेवाला, त्यामुळे परदेशी उच्चार आयते कामाला आले. नायिका मेरी मार्टिन यांना धास्ती होती की, अशा गळ्याशेजारी आपला आवाज कुठे टिकणार? संगीतकार रॉजर्स यांनी दोघांना एकाच वेळी गायलाच लावलं नाही. आळीपाळीने, आपापल्या मनाशी गायला लावलं. भूमिका गळ्याला शोभते की नाही हे पाहणारा संगीतकार जिवंत असण्याचा हा फायदा. तोटा असा की, जिवंत संगीतकाराला आणि त्याच्या वारसांना मानधन द्यावं लागतं, आणि त्यांना न विचारता संहितेतली ओळही हलवता येत नाही. व्हेर्दीच्या बाबतीत असं काही नसतं. 'रिगोलेत्तो' कुणी लास व्हेगासच्या जुगारखान्यात नेऊन ठेवला तरी मिलानहून वकिलाचं पत्र येत नाही.

आता खरी अडचण. गाण्याची काळजी करू नका, तुमचे लोक गातील. ते बोलतील कसे? जन्म कॅन्ससचा, घरची भाषा इंग्रजी. पण वीस वर्षं इटालियन आणि जर्मन गाऊन झाल्यावर या गृहस्थांना रंगमंचावर 'चहा घेणार का' एवढं विचारायचं असलं तरी ते पोटापासून श्वास घेतात. प्रत्येक वाक्य बाल्कनीच्या शेवटच्या रांगेला उद्देशून सुटतं आणि समोरची नायिका दचकते. यावर औषध म्हणून 'कॅरूसेल'मधला बाकावरचा प्रवेश रोज घ्यावा. बिली आणि ज्यूली बाकावर बसून बोलतात, वाद्यवृंद खाली हळूच चालू असतो, बोलता बोलता गाणं येतं, पुन्हा बोलणं, पुन्हा गाणं. नेमकं कुठल्या अक्षराला बोलण्याचं गाणं झालं हे प्रेक्षकाला कळता कामा नये. ऑपेराच्या गायकाचं ते दुरून कळतं. गाणं जवळ आलं की त्याची छाती आधी पुढे येते. हा एक प्रवेश बसला तर उरलेलं नाटक बसलं, असं आमचं मत आहे. दोन आठवड्यांत बसला नाही तर ते पुच्चिनीच बरे.

नाचाबद्दल : तुमच्या कोरसला नाचायला सांगू नका. वेगळे नर्तक घ्या, आणि कोरसला टाळ्या द्या.

माइकबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळं सोवळं शेवटी तिथेच येऊन अडतं. आधी खुर्च्या मोजा. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनजवळ, तळ्याच्या काठी, ग्लिमरग्लास महोत्सवाचं नाट्यगृह आहे. खुर्च्या नऊशेच्या आसपास. तिथे संचालक असताना फ्रान्सेस्का झांबेलो यांनी २०११ पासून हंगामात एक अमेरिकन म्युझिकल ठेवायची प्रथा पाडली : पूर्ण वाद्यवृंद, आणि माइक नाही. पहिल्याच वर्षी 'ॲनी गेट युअर गन'मध्ये डेबोरा व्हॉइट उभ्या राहिल्या. त्याच वसंतात मेट्रोपॉलिटनमध्ये त्यांनी वाग्नरची ब्रुनहिल्ड गायली होती. भाला ठेवला, बंदूक उचलली. आणि ती भूमिका १९४६ मध्ये लिहिलीच होती एथेल मर्मनसाठी, जिला माइकची गरज पडत नसे. म्हणजे ऑपेरावाल्यांनी काही उपरं आणलं नाही. ब्रॉडवेने जे सोडून दिलं होतं ते उचललं.

शिकागोच्या लिरिक ऑपेराचं प्रेक्षागृह तीन हजारांच्या वरचं. त्यांनी २०१३ मध्ये 'ओक्लाहोमा!' केलं, मग दर वसंतात एक, माइक लावून. आणि नेहमीचा ऑपेराचा हंगाम आटोपल्यावर. पंगत उठल्यावर वेगळं पान मांडावं तसं. हिशेबाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतं. पण आमचं मन कूपर्सटाउनकडे ओढतं, आणि त्याचं कारण वाद्यवृंद. 'स्वीनी टॉड' १९७९ मध्ये सव्वीस वादकांसाठी लिहिलं गेलं. २००५ च्या ब्रॉडवे प्रयोगात दहा नटांनीच आपापली वाद्यं वाजवली. कल्पना देखणी होती, पण निर्मात्यांना ती स्वस्तही पडली असणार. ब्रॉडवेवर वादकांचा खड्डा वर्षागणिक आक्रसत गेला. तुमच्या खड्ड्यात मात्र साठ माणसं आधीच पगारावर बसलेली आहेत. त्यांना 'कॅरूसेल'चा सुरुवातीचा वॉल्ट्झ वाजवू द्या आणि पहिल्या रांगेतल्या माणसाचं तोंड पाहा. हे त्याला ब्रॉडवेवर दुप्पट तिकीट काढूनही मिळणार नाही. एवढं असताना प्रत्येकाच्या कपाळावर माइक चिकटवून ते सगळं कर्ण्यातून ऐकवायचं असेल, तर खजिनदारांनी नाट्यगृहच भाड्याने द्यावं.

वेळापत्रकाबद्दल एक सूचना. ब्रॉडवेचा नट आठवड्याला आठ प्रयोग करतो. तुमच्या नायिकेच्या करारात दोन प्रयोगांमध्ये गळ्याला विश्रांतीचे दिवस आहेत. हे दोघे एकाच नाटकात असतील तर त्यांना एकमेकांचे करार दाखवू नका.

प्रयोग संपले, तिकीटबारी हसली. आता बैठक. नवे प्रेक्षक पुढच्या महिन्यात व्हेर्दीला येतील का, असं विचारलं जाईल. थोडे येतील. आकडा मागितला तर 'उत्साहवर्धक' म्हणा आणि पुढच्या विषयाकडे वळा. पुढचा विषय म्हणजे पुढच्या वर्षीची चौथी जागा. ज्येष्ठ बाई या वेळी स्वतःहून बोलतील, आणि अगदी मनापासून सुचवतील की आपण दोन्ही पक्षांचं समाधान करणारं 'द फँटम ऑफ द ऑपेरा' घ्यावं, कारण त्याच्या नावातच ऑपेरा आहे. सभा ताबडतोब तहकूब करा.