चारमिनारचा रुपया: ओळखावा कसा, विकावा कसा

परभणी जिल्ह्यात राणीसावरगावात काय किंवा गंगाखेड तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, जुना वाडा पाडायला काढला की मातीआधी बातमी बाहेर पडते. भिंतीत गाडगं निघालं, गाडग्यात रुपये. दुपारपर्यंत पाचाचे पन्नास होतात आणि रात्री कुणीतरी मोबाईलवर दाखवतं की असला एकच रुपया दहा लाखांना गेला. अशा घरांसाठी हे मार्गदर्शन.

आरंभी कायदा. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. भिंत ही जमिनीला जोडलेलीच असते. त्यामुळे पुष्कळ घरांत भिंतीतलं गाडगं रातोरात आजीच्या उतरंडीत जाऊन बसतं, आणि आजीलाही ते लहानपणापासून आठवू लागतं.

यानंतर घरातल्या उत्साही माणसाच्या हातातून चिंच आणि राख काढून घ्यावी. संग्राहक पैसे मोजतो ते शंभर वर्षांच्या काळपटपणाचे. घासून लख्ख केलेल्या रुपयाला बहुधा मोडीचाच भाव येतो.

आता चित्र. चार मिनार दिसले की तो हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राजवटीत होता. नाणं उजेडात तिरपं धरावं आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत डोकावावं. तिथे एक अक्षर उभं असतं. ‘मीम’ असेल तर सहावा निजाम महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर सातवा, उस्मान अली खान. मालकाने आपलं आद्याक्षर थेट दारातच उभं केलेलं आहे. वरच्या बाजूला ९२ दिसेल. ते साल नव्हे, किंमत तर नव्हेच. मुहम्मद या नावातल्या अक्षरांची अबजद पद्धतीने केलेली बेरीज आहे.

खरी गंमत सालाची. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले एखादे आजोबा गावात असतील तर ते आकडे वाचून सांगतात: १३३७. नातू लगेच गूगल करतो आणि रुपया मुहम्मद तुघलकाचा ठरतो. हिशेब तसा बरोबर आहे, १३३७ साली दिल्लीच्या गादीवर तुघलकच होता. अडचण इतकीच की चारमिनार बांधला १५९१ मध्ये. साल हिजरी आहे. इसवी सनात ते १९१८-१९ येतं.

इसवी सन स्वच्छ छापलेला असला तरी हुरळू नये. राणीच्या रुपयावर १८६२ असतं आणि तो पुष्कळ घरांत निघतो, कारण तेच साल टाकून रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. अमेरिकेचे प्रसिद्ध १८०४ चे डॉलरही १८०४ चे नाहीत. त्यातले पहिले १८३४ मध्ये, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना नजराणा द्यायला पाडले गेले. ते मात्र कोट्यवधींना जातात. चूक मोठ्या माणसांच्या नजराण्यात गेली की तिचा भाव वाढतो.

इंग्रज सरकारच्या १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला. बोंब झाली, रुपये परत घेतले गेले, पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट दिसेल अशी सुधारणा झाली. हा रुपया निघाला तर गप्प बसून जाणकार गाठावा. राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ निघालं तर देवघरात ठेवावं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही.

मोल काढायला तराजू पुरतो. हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे नऊ ग्रॅमच्या जरा वर. इंग्रजांचा कळदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे पावणेअकराच्या आसपास. शंभर कळदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा जुना दर ऐकून लोक हसतात. पण दोन्हींतली चांदी ताडून पाहिली तर तो दर बरोबर बसतो. सराफही प्रथम हीच चांदी मोजतो. नाणं दुर्मीळ असेल, अक्षरं झिजलेली नसतील, तरच भाव त्यापुढे सरकतो.

राहिला फोनवरचा गिऱ्हाईक. तो दहा लाख देतो, फक्त आधी ‘रिझर्व्ह बँकेची फी’ भरायला सांगतो. आपलं नाव घेऊन कुणी फी किंवा कमिशन मागितलं तर देऊ नका, असं खुद्द रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. तरीही माणूस गोड बोलत असेल तर त्याला नम्रपणे सुचवावं की दादा, फीचे दोन हजार त्या दहा लाखांतूनच वळते करून घ्या, बाकीचे नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार पाठवा. फोन तिथेच कट होतो.