साहेबाला सहा वर्षं, शिपायाला मर्जी

पोलीस भरतीत धावून, गोळा फेकून, लेखी परीक्षा काढून पोरगं निवड यादीत येतं आणि हातात पडतो साक्षांकन नमुना. कधी अटक झाली होती? खटला? दंड? शिक्षा? मागं कधीतरी रास्ता रोकोत पुढाऱ्याच्या पाठीमागं उभं राहिलेलं हे पोरगं. गुन्हा दाखल झाला तो पुढारी ‘व इतर ४० ते ५० जणां’वर, त्या इतरांत हे. ‘नाही’ लिहावं तर माहिती दडवली म्हणून घरी. ‘होय’ लिहावं तर प्रकरण समितीकडं, आणि समिती बसणार साहेबांना सवड झाली की.

अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगून ठेवलंय की, कोवळ्या वयातली घोषणाबाजी किंवा तसाच किरकोळ गुन्हा दडवला असला, तरी त्याकडं काणाडोळा करता येईल. करायचा कुणी, तर नेमणूक देणाऱ्या अधिकाऱ्यानं. स्वतःच्या सहीनं काणाडोळा करणारा अधिकारी कुणाला भेटला, तर पत्ता कळवा. इकडं पुढाऱ्याच्या कार्यअहवालात तोच गुन्हा ठळक टायपात, फोटोसकट.

हे झालं नुसत्या गुन्ह्याचं. शिक्षा झालेल्यांची गंमत आणखी वेगळी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमानं दोन वर्षांची शिक्षा झालेला नेता सुटकेनंतर सहा वर्षं घरी बसतो, मग अर्ज भरायला मोकळा. ही बंदी जन्मभराची करा, अशी याचिका झाली, तेव्हा २०२५ मध्ये केंद्र सरकारनं प्रतिज्ञापत्र दिलं: मुदतीची बंदी पुरे, उगाच जाच नको. अगदी मान्य! मग ही माया कारकुनाच्या आणि शिपायाच्या वाट्याला का नाही? त्यांचा डाग किती वर्षांनी पुसला जातो, हे जाहिरातीत सहसा नसतंच.

बंदी नको, असं मुळीच नाही. अपहार केलेला कोषागारात नको, पोरांवर हात टाकलेला शाळेच्या आसपासही नको, कधीच नको. पण एकोणिसाव्या वर्षी जत्रेतल्या हाणामारीत दंड भरलेला माणूस चाळिशीत नगरपालिकेच्या बागेत माळी झाला, तर धोका कुणाला, जास्वंदीला? उंची, छाती, वय सेंटिमीटर-महिन्यांत छापता ना? मग कुठला गुन्हा कुठल्या पदाला किती वर्षं आडवा येणार, तेही छापा.

छापणार नाहीत. छापलं तर ‘बघतो तुमचं काही होतंय का’ असं म्हणायची सोय जाईल.