दुपारीस खेळ चाले

आमच्या आतेच्या हिशेबात भुतांची वेळ दुपारी बाराची. तेवढा ठोका टळला, शीत-हुमण जेवून झालं, की तिन्हीसांजेपर्यंत राज्य माणसांचं. म्हणून ‘रात्रीस खेळ चाले’ ती दुपारी अडीचला लावते. नातवाने टीव्हीच्या पाठीत एक काडी खोचून दिली आहे, तिच्यातून तिन्ही भाग सलग येतात. आतोबा बाजूला आरामखुर्चीत घोरत असतात. वाड्याचं दार करकरलं की तो आवाज टीव्हीतून आला की आतोबांतून, हे पहिले चार दिवस मला कळत नव्हतं.

मध्यंतरी बरेच दिवस मी तिच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी होतो. आते माहेरची पेडण्याची. ही मालिका तिने २०१६ साली रात्री साडेदहाला पाहिली होती, अर्धी पदराआडून. आता पदर जागेवर आहे आणि रिमोट हातात. दर दोन-तीन दिवसांनी ती चित्र थांबवते आणि निकाल देते: “हांगा बरोवपी बदललो.” म्हणजे इथे लेखक बदलला.

श्रेयनामावली ती वाचत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, ही मराठी मालिकांची जुनी रीत. आणि ती नावं पडद्यावरून ज्या वेगाने पळतात त्या वेगाने कदंबची बस कधी पळालेली मी पाहिली नाही. आते कानाने ओळखते. काही आठवडे मालवणी घट्ट असते, काही आठवडे पाणी घातलेल्या सोलकढीसारखी. भांडताना माणूस आकेरीचा आणि रडताना दादरचा झाला, की तिच्या मते लिहिणारा हात बदलला. बदललाच असेल असं नाही. एकाच लेखकाला दुपारी झोप आली असेल. पण आतेच्या कोर्टात अपील नाही.

भाषेवर निकाल द्यायचा हक्क तिला आहे. मालिकेतला नाईकांचा वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीचा, पेडण्याहून फार तर तासाभराच्या वाटेवर. १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं. डिचोली त्याच्या आधीच गेली होती. मुलूख गेला, जीभ गेली नाही. त्यामुळे २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर नाईकांच्या घरची माई, दत्ता, सरिता, छाया अशी माणसं याच बोलीत बोलायला लागली, तेव्हा पेडण्यातल्या घरांत भुतापेक्षा मोठा धक्का बसला तो आपली बोली टीव्हीवर ऐकण्याचा. तोवर मराठी मालिकेत असं बोलणारा माणूस म्हणजे गडी, नाहीतर विनोद. सिंधुदुर्गातून लगेच ओरड झाली की मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते. पुढे त्याच वाड्यासमोर गाड्या थांबवून लोक सेल्फी काढू लागले. बदनामीची सवय लवकर होते.

या मालिकेतला सगळ्यात खरा माणूस पांडू. पांडूला काही आठवत नाही. कामाला निघतो, वाटेत विसरतो, आणि “इसारलंय” म्हणून उभा राहतो. हा पांडू साकारला प्रल्हाद कुडतरकर यांनी. मालिकेच्या लेखकांतही ते होते. पडद्यावर येऊन, कॅमेऱ्याकडे बघून, महाराष्ट्र आणि गोवा मिळून सगळ्या प्रेक्षकांसमोर लेखकाने ‘मी विसरलो’ असं सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. बाकीचे लेखकही विसरतात, पण पात्रांच्या आड लपून. सून तीन आठवड्यांपूर्वी ज्या गोष्टीवरून घर सोडून निघाली होती तीच गोष्ट नव्याने ऐकून बेशुद्ध पडते आणि आपण जाहिरातीत गॅस बंद करायला जातो. कुडतरकरांनी निदान कबुलीजबाब दिला. आतेने त्यांना याचे पाच गुण जास्त दिले आहेत.

आता पहिला भाग. अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात, कुटुंब वाड्यात जमतं, आणि मग काय काय घडायला लागतं. भूत की माणूस, हा प्रश्न. पहिले काही आठवडे झकास: जमीन, वाटण्या, जावा-जावांची कुसपटं, माईचं सोसणं. आमच्याकडच्या कुठल्याही बाराव्या-तेराव्याला दिसतं तेच. भुताची गरज नव्हती. पण प्रश्न टांगला की त्याचं उत्तर लांबवायचं, हा या धंद्याचा नियम. इथे आते उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “पेडण्याची पुनव.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोजागिरीला पेडण्यात पुनवेचा उत्सव असतो. भूतनाथ देव एका रात्रीत देऊळ बांधून मागतो, अशी आख्यायिका आहे. रागावतो, निघून जायला बघतो, आणि भक्त त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. देऊळ? फाल्यां, म्हणजे उद्या. पुढच्या पुनवेला देव पुन्हा मागतो. वायद्यावर इतकी वर्षं चाललेली मालिका दुसरी नसेल. पण तिथे देवालाही माहीत आहे आणि भक्तांनाही की देऊळ होणार नाही. मालिकेत ते फक्त वाहिनीला माहीत असतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिला भाग संपला तेव्हा आतेच्या पदरी उत्तरं कमी आणि शंका जास्त होत्या. आता दुसऱ्यांदा बघूनही तोच हिशेब लागला.

(फाल्यांच्या वायद्यात आम्ही दोन्ही तालुके तसे मुरलेले. पेडण्याच्या मोपा विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० साली मान्यता दिली, कोनशिला २०१६ साली बसली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना रोखून धरला, २०२० मध्ये सोडला, आणि उद्घाटन झालं डिसेंबर २०२२ मध्ये. बावीस वर्षं, दर थोड्या वर्षांनी नवा मुख्यमंत्री म्हणजे नवा पटकथाकार. डिचोलीच्या खाणींचं कथानक याहून गुंतागुंतीचं: २०१२ ला बंद, मग अटींवर चालू, २०१८ ला पुन्हा बंद, मग लिलाव. ट्रकवाले त्यातलं एकेक पान न चुकता पाहत आले. कंस पुरा.)

लेखक का बदलतात, हे आतेला मी समजावून सांगितलं. रोजचा बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. वाहिनीच्या प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात गुरुवारी. आकडा पडला की शुक्रवारी बैठक, शनिवारी नवी कल्पना, सोमवारी नायिकेला स्मृतिभ्रंश. आपण सोमवारी मासळी खात नाही. वाहिनीवाले गुरुवारी लेखक खातात. आतेला ते लगेच पटलं. “मग शुक्रवारचो बरोवपी ताजो आसतलो,” म्हणाली.

अमेरिकेत तर लेखक बदलण्याचं कामच शिरस्त्याने चालतं. दुपारच्या मालिकांचे पैसे साबणवाले देत, म्हणून नावच सोप ऑपेरा पडलं. ‘गायडिंग लाईट’ १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ ला संपली. बहात्तर वर्षांत किती मुख्य लेखक आले-गेले, आणि पाहणाऱ्या बायकांना ते बरोबर कळत असे. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९४ साली ‘शांती’ दुपारी लागायची तेव्हा वाड्यावरची धुणी वाळत राहायची आणि पाऊस आला तरी कुणी उचलायला जात नसे. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. चार दिवस!

दुसऱ्या भागाला आते सरळ पहिला नंबर देते, आणि इथे आमचं एकमत आहे. जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२०. काळ मागचा, अण्णा जिवंत. पहिल्या भागात जी नुसती कुजबुज होती ती शेवंता आता समोर येते. माधव अभ्यंकरांचा अण्णा लबाड, लंपट, क्रूर, आणि तरी तो ओट्यावर आला की नजर त्याच्यावरून हलत नाही. अपूर्वा नेमळेकरांच्या शेवंतेचं तर काय सांगू. आतोबा एवढ्या एका भागापुरते जागे असतात. आतेने ते पाहिलं आहे आणि बोलत काही नाही.

हा भाग का जमला? माझं उत्तर असं, की लेखकांना शेवट आधीच बांधून दिलेला होता. अण्णा मरणार, शेवंताही मरणार, वाडा उरणार, हे २०१६ सालीच जगजाहीर झालेलं. त्यामुळे गुरुवारचा आकडा काहीही येवो, अण्णाला कुणी संत करू शकत नव्हतं आणि लंडनला पाठवू शकत नव्हतं. कोण मेलं हे लपवायचं नसल्यावर लेखकाला माणसं लिहायला वेळ मिळाला: हा माणूस असा का मेला, आणि मरेपर्यंत घरातल्या बाईने काय काय गिळलं.

आतेला यात नवल वाटलं नाही. ती दशावतारावर वाढलेली. जत्रेच्या रात्री दहिकाल्यात, वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर, चेंदवणकर अशा मंडळांची नाटकं बघत. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी भीम व्हायचं, कुणी द्रौपदी, तेवढं बोलून घेतात, तोंडाला रंग लागतो. पुढचं सगळं पेटी, पखवाज, झांज आणि जिभेच्या भरवशावर. बरोवपी नाहीच, मग बदलणार कोण? आणि तरी पहाटेपर्यंत भीम आपला भाऊ कोण हे विसरत नाही. विसरला तर पुढच्या रांगेतली म्हातारी त्याला तिथल्या तिथे आठवण करून देते. दुर्योधन मरणार हे पोरासोरांना ठाऊक असतं. त्याने मरण्याआधी काय तोंड वाजवलं, यासाठी माणसं घोंगडी पांघरून बसतात.

डिचोलीकडे रीत वेगळी. इथल्या जत्रांत गावकरी लिहिलेली नाटकं करतात, ऐतिहासिक म्हणा, सामाजिक म्हणा. आणि विंगेत प्रॉम्प्टर. नायकाला आठवलं नाही तर प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येतो, आणि प्रेक्षक तो संवाद नायकाच्या आधी ऐकून मान डोलावतात. आतेच्या सासरचे एक जण वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग करत. बायकोशी भांडतानाही त्यांचा आवाज विंगेतून आल्यासारखा येई, अशी त्यांची ख्याती. तर पेडण्यात वही नाही आणि स्मरण आहे, डिचोलीत वही आहे आणि ती धरून बसलेला माणूस आहे. टीव्हीवर वही रोज सकाळी नवी येते, कालची कुठे गेली ते कुणी विचारत नाही.

तिसरा भाग झटपट उरकतो, कारण आतेनेही तो उरकला. मार्च २०२१ ला सुरू झाला, महिन्याभरात करोनामुळे महाराष्ट्रातलं चित्रीकरण बंद पडलं. त्या काळात मुंबईच्या कितीतरी मालिका चित्रीकरणाला बाहेर पळाल्या, काही गोव्यात आल्या, आणि मे महिन्यात आमच्या सरकारने त्यांचीही परवानगी काढून घेतली. घाईघाईत कुटुंबंच्या कुटुंबं रिसॉर्टमध्ये सहलीला निघाल्याची कथानकं ज्यांनी लिहिली, त्या लेखकांबद्दल मला खरी कणव आहे. नाईकांचा वाडा मात्र उचलून कुठे नेणार? अण्णा आणि शेवंता आता भुतं झालेली. म्हणजे मागचाही शेवट झाला, पुढचाही ठरलेला नाही. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही, ही भुताच्या गोष्टीतली मोठी अडचण. मग त्याला नुसतं हसवत ठेवतात. मध्येच शेवंता साकारणारी अभिनेत्रीही बदलली. आतेने रिमोट दाबला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बरोवपी बदललो तां समजता. भूत कशें बदललें?” जानेवारी २०२२ मध्ये मालिका संपली. आतेच्या घरी ती एका बुधवारी, पावणेचारला, चहा ओतू जाताना संपली.

आतेचा गुणतक्ता असा: दुसऱ्या भागाला शंभरात ऐंशी. पहिल्याला पन्नास, अधिक पांडूचे पाच. तिसऱ्याचा पेपर तिने तपासायला नकार दिला. आतोबांनी दुसऱ्या भागाला परस्पर शंभर दिले. ते अवैध ठरवण्यात आले आहेत.

आता तिला ‘दामिनी’ बघायची आहे. सह्याद्रीवर दुपारी लागायची ती, प्रतीक्षा लोणकरांची, पत्रकार बाईची. तिला ती पहिल्या दिवसापासून सलग हवी आहे, मध्ये एकही दिवस न गाळता, म्हणजे बरोवपी नेमका कधी बदलला ते पकडता येईल. नातवाची काडी याबाबतीत कुचकामी निघाली. तेव्हा पेडणे, डिचोली, साखळी, कुठेही कुणाच्या माळ्यावर त्या काळी टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या व्हिडिओ कॅसेटी असतील तर कृपया फेकू नयेत, आम्हाला कळवावं. प्लेअर आतेकडे आहे. बुरशी असली तरी चालेल, पुसून घेऊ.