लागू नाही

आमच्या इमारतीतल्या काकूंनी आजवर सत्तावीस सोयरिकी जुळवल्या आणि एकतीस मोडल्या. दुसऱ्या आकड्याचा त्यांना अधिक अभिमान आहे. स्थळ आलं की काकू मुलाला बघायला जात नाहीत, त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जातात. उधारीची वही, दूधवाला, जुना घरमालक आणि घरकामाची बाई एवढ्या चार साक्षी झाल्या की काकूंचा निकाल लागतो. त्यावर अपील नाही. एका डॉक्टर मुलाचं स्थळ त्यांनी परत पाठवलं, कारण तो रिक्षावाल्याशी सुट्ट्या दोन रुपयांवरून भांडला आणि सुट्टे त्याच्याच खिशात होते.

म्हणून विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा सोसायटीच्या बैठकीत मी ठराव मांडला. पाच वर्षांसाठी ज्याच्या गळ्यात माळ घालायची आणि मध्येच काडीमोड घ्यायची सोय नाही, त्याची चौकशी काकूंनी करावी. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अध्यक्षांनी एकच उपसूचना मांडली : चौकशी जरूर करावी, पण उमेदवार पेव्हर ब्लॉकचा शब्द देऊन गेल्यावर.

मी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून एका उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, छापून आणलं. काकूंनी चष्मा पुसला.

"हे सगळं मुलाने आपणहून सांगितलं?"

"आपणहून कसलं, काकू! सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी सांगितलं की गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण मतदाराला कळलंच पाहिजे. त्यावर एरवी एकमेकांच्या बारशालाही न जाणारे पक्ष एका मांडवात जमले आणि यातलं बरंचसं झाकणारी दुरुस्ती कायद्यात करून मोकळे झाले. न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी ती दुरुस्तीच उडवली. तेव्हा कुठे हा कागद आपल्या हातात आला."

"म्हणजे मुलाकडचे पत्रिका दाखवायलाच तयार नव्हते," काकू म्हणाल्या. "अशा ठिकाणी मी दुसऱ्यांदा जात नाही. पण असो. वाच."

मी वाचू लागलो. व्यवसाय : शेती व समाजसेवा. स्वतःच्या नावावर वाहन : निरंक. पत्नीच्या नावावर सोनं, दोन गाळे, एक बंगला. देणी या सदरात पत्नीकडून हातउसने अठरा लाख.

काकूंनी हात वर केला. "थांब. नवरा बायकोकडून उसने घेतो आणि ते शपथेवर लिहून देतो? आमच्या ह्यांनी तीस वर्षांत डब्यातले पैसे कितीदा नेले, त्याची चिठ्ठीसुद्धा नाही. आणि वाहन निरंक, तर परवा त्या सात गाड्या कुणाच्या होत्या?"

"कार्यकर्त्यांच्या."

"हुंडा नको म्हणणारी माणसं अशीच असतात. सगळं मुलीच्या बापाने हौसेनं दिलेलं."

पुढचं पान गुन्ह्यांचं. प्रलंबित खटले पाच. काकू इथे मात्र न्यायाधीशासारख्या सावध झाल्या. चार खटले मोर्चे आणि रास्ता रोकोचे निघाले. "हे सोड. पाण्यासाठी रस्त्यावर बसला असेल तर उलट दोन गुण जास्त." पाचवा फसवणुकीचा, कलम ४२०. गुंतवणूकदारांच्या ठेवींचा. मी सांगितलं की खटला चालू आहे म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर आमदारकी जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालापासून ती लगेच जाते.

"ते कोर्टाचं झालं," काकू म्हणाल्या. "मला मुलगी द्यायची आहे, फाशी नाही द्यायची. संशय मला पुरतो."

इतकी स्वच्छ वाक्यं हल्ली संपादकीयांतही सापडत नाहीत. मी उत्साहाने पुढे सांगितलं की २०२०पासून पक्षालाही जाहीर करावं लागतं, खटले असलेला हाच माणूस का निवडला, बिनखटल्याचा का मिळाला नाही. शिवाय 'निवडून येतो' हे एवढंच कारण चालत नाही. मग पक्ष लिहितात : लोकप्रिय, समाजसेवक, तळमळीचा. बिहारच्या निवडणुकीत हा नियम नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१मध्ये काही पक्षांना प्रत्येकी एक लाख आणि दोघांना पाच लाख दंड झाला. एका विधानसभा उमेदवाराला अधिकृतपणे चाळीस लाख खर्च करता येतात, हे लक्षात घेता हा दंड किती जड गेला असेल ते सांगायला नको.

"खोटं लिहिलं तर?" काकूंनी विचारलं.

"सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही."

"आणि रकाना कोराच ठेवला तर?"

"ते चालत नाही. अर्ज बाद होऊ शकतो. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं."

काकूंना हा नियम फार आवडला. त्या म्हणाल्या, बायोडाट्यालाही तो लावायला हवा. 'अपेक्षा' हा रकाना लोक कोरा ठेवतात आणि साखरपुड्याच्या दिवशी भरतात.

तिसऱ्या मजल्यावरचे मामा एवढा वेळ गप्प होते. त्यांना शपथपत्रं पटत नाहीत, त्यांना लिलाव पटतो. "नाशिकचं उमराणे आठवतं? सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली, मंदिर बांधायला. नंदुरबारच्या खोंडामळीत बेचाळीस लाख. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१मध्ये दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. मी म्हणतो, का? अख्ख्या गावासमोर भाव फुटला आणि पैसा देवाला गेला. आपल्याकडे भाव रात्री फुटतो, पाकिटात."

मामांचं हे पारदर्शक तत्त्वज्ञान कुणी खोडून काढलं नाही. काकूंनी एवढंच विचारलं, "उरलेले उमेदवार कसे आहेत?" मी तीही शपथपत्रं पुढे ठेवली. पाऊण तासाने सगळी स्थळं नाकारून त्या म्हणाल्या, "एकही निर्व्यसनी नाही?"

"एक आहे. मालमत्ता निरंक, कर्ज निरंक, खटला एकही नाही, अवलंबून असलेले नातेवाईकही नाहीत. २०१९मध्ये लातूर ग्रामीणमध्ये २७,५०० मतं घेऊन दुसरा आला होता."

"काय नाव?"

"नोटा."

काकू क्षणभर खुलल्या आणि लगेच मावळल्या. "पण तो पहिला आला तर?"

"तरीही विधानसभेला आमदार दुसराच होतो. नोटाच्या खालोखाल ज्याला मतं, तो."

"म्हणजे वराला नकार देऊन वऱ्हाडाशी लग्न. नको."

अशा वातावरणात रविवारी सकाळी तो उमेदवार आमच्या आवारात आला. सात गाड्या, निरंक वाहन. काकू पदर खोचून पुढे झाल्या. आम्ही श्वास रोखले. "काय हो, बायकोचे अठरा लाख कधी फेडणार?"

उमेदवार वाकला, त्याने काकूंच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काकू, बायकोचं कर्ज कुणाचं फिटलंय का आजवर?" सगळे हसले. मग त्याने विचारलं, "काही काम असलं तर सांगा." काकू जरा थांबल्या. त्यांचा भाचा दोन वर्षं गडचिरोलीत आहे, त्याच्या बदलीचा अर्ज कुठे अडकलाय ते कळत नव्हतं. उमेदवाराने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काकूंना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी घरातून पोहे मागवले.

अध्यक्षांना पेव्हर ब्लॉकचा शब्द मिळाला. मामांना नातवाच्या प्रवेशासाठी शिफारसपत्राचं आश्वासन मिळालं, लिलाव न होता. माझी गॅलरी मी तीन वर्षांपूर्वी खोलीत घेतली आहे. तिच्यावर नोटीस आलेली आहे. मी ती दाखवली. उमेदवाराने घडी घालून खिशात ठेवली आणि "बघतो" म्हणाला. 'बघतो' म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जी तळमळ होती, ती मी कुठल्याही प्रामाणिक माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. प्रामाणिक माणसं म्हणतात, "गॅलरी पाडावी लागेल."

गाड्या गेल्यावर काकूंनी निकाल दिला. "घराणं बरं आहे. थोडं खात असेल, पण माणुसकी आहे. आणि तो ठेवींचा खटला विरोधकांनी मुद्दाम लावलेला असणार." सत्तावीस सोयरिकींच्या अनुभवावर अपील नव्हतंच.

मतदान झालं त्या रात्री मला झोप येईना. उमेदवाराला एवढे रकाने भरावे लागतात आणि आपल्याला मात्र बोटाला शाई लावली की सुटका, हे बरोबर नाही असं वाटू लागलं. उठून मी मतदाराचं शपथपत्र तयार केलं. मिळालेलं रोख पाकीट : निरंक (प्रामाणिकपणे, आमच्या इमारतीपर्यंत ते पोहोचत नाहीत). जात पाहून मत दिलं काय : मी आडनाव फक्त वाचलं. उमेदवाराकडून अपेक्षित लाभ : गॅलरी, क्षेत्रफळ बेचाळीस चौरस फूट. इथवर पेन सरळ चाललं.

शेवटचा रकाना होता : उमेदवाराचा प्रामाणिकपणा तपासून मत दिलं काय?

बराच वेळ तो कोरा राहिला. मग आठवलं, कोरा रकाना चालत नाही. दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि गॅलरीत जाऊन, म्हणजे खोलीत जाऊन, झोपलो. सकाळी काकूंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुझं." मग त्यांनी स्वतःचा नमुनाही भरून आणला. शेवटच्या रकान्यात त्यांनीही तेच दोन शब्द लिहिले होते.